संबंधित बाजारपेठ

बर्गनच्या कचेरीत फाइल आली तेव्हा
तिच्यावर दोन वर्तमानपत्रांची नावं होती
आणि मध्ये एक अधिकचं चिन्ह.
स्कार्व्हॉय बेट, वस्ती चार हजार एकशे,
एक पत्र सकाळचं, एक दुपारचं,
एकशे सहा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली.
आता बोहल्यावर उभी,
आणि अंतरपाट धरून हरकत नोंदवण्याचं काम माझं.

कायदा आधी एवढंच विचारतो: बाजार कुठला?
कुंपण कुठून कुठवर ते ठरवा,
आतली मेंढरं मग मोजू.
त्यासाठी आमच्याकडे एक प्रश्न आहे,
वापरून वापरून गुळगुळीत झालेला:
किंमत पाच टक्क्यांनी वाढली
आणि वाढलेलीच राहिली,
तर तुम्ही दुसरीकडे जाल का?

ओस्लोहून वकील आले. म्हणाले,
हे दोघे प्रतिस्पर्धी नाहीतच मुळी,
प्रतिस्पर्धी हा.
आणि टेबलावर फोन पालथा ठेवला,
जणू तो ऐकत होता.
खोटं नव्हतं ते. होडी विकणे आहे,
खोली भाड्याने, बर्फाचे टायर, जवळजवळ नवे:
दहा वर्षांपूर्वी शंभर जाहिराती, आता एकोणीस.
मांजरं भांडायची थांबली होती,
लोणी केव्हाच माकडाने नेलं होतं.
मी माझा प्रश्न माकडाला लावून पाहिला.
ते वाचकाकडून दमडी घेत नाही.
शून्याचे पाच टक्के किती?
प्रश्न तिथवर गेला आणि गपकन बसला.
त्याची फाइल वेगळी आहे, वरच्या मजल्यावर,
सहावं वर्ष,
अजून कुंपणाचे खुंटच ठोकताहेत.

मग मी फेरीबोटीने बेटावर गेले.
आयलर्ट टांगविक, वय एक्क्याऐंशी,
बोटीच्या इंजिनावर जन्म गेलेला, दोन्ही पत्रांचा वर्गणीदार.
पाच टक्के, मी म्हटलं. दुसरीकडे जाल का?
दुसरीकडे म्हणजे कुठे, तो म्हणाला,
आणि आत जाऊन बिस्किटांचा डबा घेऊन आला.
डब्यात दोन कात्रणं, एकाच दिवसाची.
सकाळचं: योरून टांगविक, मासळी कारखान्यात
एकतीस वर्षं. मागे पती, दोन मुली.
दुपारचं: अठ्ठ्याहत्तरच्या संपात
कारखान्याच्या फाटकाला कुलूप हिनेच घातलं.
किल्ली शेवटपर्यंत सापडली नाही.

किल्ली इथेच आहे, तो म्हणाला,
आणि डबा जरासा वाजवला.
मग बराच वेळ काही नाही.
मग: पहिल्यातली पण तीच, दुसऱ्यातली पण तीच.
तुमचं एकच पत्र झालं
तर मी ह्यातली कुठली ठेवू?

माझ्या तक्त्यात तीन चौकोन होते:
हो, नाही, सांगता येत नाही.
मी तिसऱ्यावर खूण केली.
त्याला नाही, मला सांगता येत नव्हतं.

निकाल दोनशे बारा पानांचा.
विलीनीकरणाला मंजुरी, अटींसह:
दोन संपादक, दोन खोल्या,
मध्ये भिंत, पाच वर्षं.
किल्लीचा उल्लेख कुठेच नाही,
तळटीपेतही बसेना.

चौथ्या वर्षी तपासणीला गेले.
कॉफीचं यंत्र एक, माणसं निम्मी,
भिंत इतकी पातळ
की सकाळवाले शिंकले तर दुपारवाले
देव भलं करो म्हणत.
मी टेप लावून मोजली, ठोकून पाहिली.
अट पाळली आहे, असं लिहून दिलं.

त्यानंतर हिवाळ्यात आयलर्ट गेला.
मी दोन्ही पत्रं मागवली, माझ्या पैशांनी.
जहाजावर अभियंता, बेचाळीस वर्षं. मागे दोन मुली.
दोन्हीकडे शब्दन् शब्द हाच,
दुपारच्यात फक्त एक स्वल्पविराम जास्त.

तक्रार करण्यासारखं काही नाही.
भिंत जागेवर आहे.